बर्फ बसल्याचा आवाज

समोरच्या औषधांच्या दुकानाच्या छपरावर साचलेला बर्फ खाली आला, तेव्हा रोस्विता आपल्या श्रवणयंत्रांच्या दुकानात एका म्हाताऱ्या सुताराचे कान तपासत होती. म्हातारा काचेच्या बंद खोलीत, कानांवर जाड हेडफोन चढवून, हातात बटण घेऊन पाठमोरा बसला होता आणि ती बाहेर संगणकाच्या पडद्यासमोर. आत जाण्याआधी तिनं त्याला सांगितलं होतं, जे ती गेली अठरा वर्षं रोज दहा-बारा माणसांना सांगत आली होती, "आवाज कितीही बारीक असू दे. आला असं नुसतं वाटलं तरी दाबा. शंका असली तरी दाबा. चुकलं तर चुकलं, मी काही मार्क कापत नाही." पुढचा सूर सोडायला तिनं बोट उचललं आणि तेवढ्यात तो आवाज झाला. आवाज तरी कसा म्हणायचा. आधी तो तळपायांना कळला, मग पोटाला, आणि कानांपर्यंत पोचला तेव्हा त्यातलं फार थोडं उरलं होतं. एका मोठ्या गादीवर वरून दुसरी गादी टाकावी तसा. कपातली कॉफी थरथरली. मग तिच्या लक्षात आलं की आपण खुर्चीत नाही, उभ्या आहोत; गुडघे वाकलेले, भार मागच्या पायावर, दोन्ही हातांनी टेबलाची कड गच्च धरलेली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी हसलं. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला होता. म्हाताऱ्यानं बटण दाबलं होतं.

"हा दणकून होता हो, बाई," हेडफोन काढून तो ओरडला. कमी ऐकू येणारी माणसं ओरडतात तसा.

"तो माझा नव्हता. बाहेर छपरावरून बर्फ पडला."

"असेल. तुम्ही म्हणालात, वाटलं की दाबा. मी दाबलं." त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला बरं नाही का? फ्योन सुटलाय ना कालपासून. माझ्या बायकोचंही डोकं धरतं असल्या वाऱ्यानं."

फ्योन सुटला होता हे खरंच. दक्षिणेकडून खिंड ओलांडून आलेला तो कोमट वारा दोन दिवस इन्सब्रुकवर बसून होता. डोंगर इतके जवळ आले होते की विल्टनच्या गल्लीतून मान वर केली तर कड्यावरची एकेक भेग मोजता यावी. अशा दिवशी सगळं शहर चिडचिडं होतं, दुकानांची दारं आपोआप आपटतात आणि छपरं एकामागून एक आपलं ओझं टाकून देतात. रोस्वितानं म्हाताऱ्याला पाणी दिलं, स्वतः प्यायली आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पण प्रत्येक सुरानंतर जी शांतता यायची तिच्यात ती स्वतःच कान देऊन बसायला लागली. त्याच्या उजव्या कानाचा आलेख तिनं दोनदा चुकीचा काढला. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसून तिनं फोन उघडला. बुर्गीचा सकाळचा निरोप तिथं तसाच होता. हिमस्खलनाच्या तीन कोर्सांची पानं आणि खाली एक ओळ, 'गुडघ्याच्या डॉक्टरनं हो म्हटलंय. दोघी जाऊ. यातला कुठला ते तू ठरव, तुला जास्त कळतं.'

तुला जास्त कळतं. ही ओळ तिनं सकाळी ट्रामची वाट बघताना वाचली होती आणि फोन खिशात टाकून दिला होता. आता पुन्हा वाचली. बुर्गी म्हणजे अल्बानची बायको. अल्बान शाळेत भूगोल शिकवायचा आणि रविवारी बुर्गीला, रोस्विताला आणि आणखी काही जणांना डोंगरात न्यायचा. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून चार तास चढायचं, वर उभ्यानं भाकरी आणि खारवलेलं मांस खायचं, पट्टे काढायचे आणि जिथं लिफ्ट नाही, दोर नाही, माणूस नाही अशा कोऱ्या उतारावरून वीस मिनिटांत खाली यायचं. वीस मिनिटांसाठी चार तास. रोस्विताला घटस्फोटानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात या दोघांनीच बळेबळे ओढून नेलं होतं. प्राथमिक कोर्स, म्हणजे गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र कसं चालवायचं, बर्फात सळई कशी खुपसायची, सकाळचं हिमस्खलनाचं पत्रक कसं वाचायचं, हे सगळं तिनं बुर्गीच्या शेजारी बसूनच शिकून घेतलं होतं. अकरा वर्षं झाली त्याला. आणि तीन हिवाळ्यांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, बुर्गी गुडघ्यामुळे घरी होती आणि ग्राउकोगलच्या खिंडीखाली बर्फाचा लोट आला. त्या दिवशी तिथं दोघंच होती, अल्बान आणि रोस्विता. खाली एकटी रोस्विता आली.

लोक त्याबद्दल तिच्याशी चांगलंच बोलले. अकरा मिनिटांत तिनं त्याला शोधून, खणून काढलं होतं, एकटीनं, दीड मीटर खोल. हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या डॉक्टरनं तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की तो खडकावर आपटला तेव्हाच गेला होता, तुम्ही एका मिनिटात काढलं असतंत तरी काही फरक पडला नसता. चौकीवर एका तरुण शिपायानं तिला गरम चहा दिला आणि विचारलं, आधी काही खूण दिसली होती का? तडे? आवाज? ती म्हणाली, माझ्या काही लक्षात आलं नाही. त्यानं तसं लिहून घेतलं. ती सही करताना तिच्या बोटांना अजून फावड्याचा आकार होता, पेन धरताच येत नव्हतं. दफनाच्या दिवशी बुर्गीनं तिचे तेच दोन हात आपल्या हातांत घेतले होते आणि सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "या हातांनी माझा माणूस मला परत आणून दिला." त्या दिवसापासून रोस्विता हातमोजे घालायला लागली, ऑक्टोबरातसुद्धा.

तिनं तिन्ही पानं वाचली. दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिला कोर्स हिमनदीच्या काठावरच्या एका झोपडीत, पाच दिवसांचा. बर्फाचे थर, त्यांच्यातला कमकुवत पदर, कणांचा आकार भिंगातून, तापमान दर दहा सेंटिमीटरला. पाचव्या दिवशी परीक्षा. दुसरा शनिवार-रविवारचा, सगळा भर शोधण्यावर. एकाच वेळी तिघं गाडले गेले तर काय करायचं, खणणाऱ्यांची रांग कशी लावायची, हेलिकॉप्टरला जागा कशी करून द्यायची. तिसऱ्याचं पान साधं होतं, एखाद्या खानावळीचं असावं तसं. सेवेरिन नावाचा कुणी वाटाड्या वरच्या दरीतल्या एका पाहुणघरात तीन दिवस सहाच माणसं घ्यायचा. 'प्राथमिक कोर्स झालेल्यांसाठी. बर्फाबद्दल तुम्हाला बरंच माहीत आहे. आपण माणसांबद्दल बोलू.' आणि खाली अर्ज. नाव, वय, किती वर्षं चढता. शेवटचा प्रश्न होता, 'डोंगरात एखाद्या वेळी तुम्ही बोलायला हवं होतं आणि बोलला नाहीत, किंवा दुसऱ्याला बोलू दिलं नाहीत, असं काही घडलं असल्यास दहा ओळींत लिहा.' दहा ओळींची रिकामी चौकट होती. त्या चौकटीपाशी आलं की ती पान बंद करायची. मग उठून भांडी पुसायची, कुंड्यांना पाणी घालायची. मग पुन्हा उघडून पहिल्या कोर्सच्या खोलीत किती खाटा आहेत ते बघायची. पहिलाच बरा, तिनं मनाशी म्हटलं. पाच दिवस थंडीत खड्डे खणायचे, संध्याकाळी थकून झोपायचं. बोलायला वेळच नाही.

शनिवारी सकाळची पाळी संपवून बुर्गी आली ती गणवेशातच. ती एक नंबरची ट्राम चालवायची. दारातूनच तिनं टोपी खुंटीवर फेकली आणि ओरडली, "सूप आहे का? नसेल तर मी चालले." क्न्योडलचं, पावाच्या गोळ्यांचं सूप होतं. ती स्वयंपाकघरात, खिडकीशी बसून जेवायला लागली. बुर्गी बावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची. जेवताना दोन्ही कोपरं टेबलावर ठेवायची, जणू कुणी ताट ओढून नेईल. रोस्विता तिच्यासमोर बसून पहिल्या कोर्सबद्दल सांगू लागली. झोपडी चांगली आहे. शिकवणारे विद्यापीठातले आहेत. भिंगं तेच देतात.

"भिंगं," बुर्गी म्हणाली. "बरं. मला एक सांग. मी रात्रंदिवस हाच विचार करतेय, म्हणून विचारते, तू वाईट वाटून घेऊ नकोस. यातला कुठला कोर्स त्यानं केला असता तर तो वाचला असता?"

खिडकीबाहेर डोंगर कडक निळ्या उजेडात उभे होते. रोस्विताला वाटलं, पाण्याखाली असल्यावर वरून कुणी बोलावं तसं ऐकू येतंय. "पहिला," ती म्हणाली. "थरांचा."

"कप्पाळ! थर त्याला ठाऊक नव्हते? शाळेतल्या पोरांना मैदानात खड्डे खणून थर दाखवायचा तो. घरी फ्रीजमधला बर्फ खरवडला तरी सांगायचा, हा बघ कमकुवत पदर. हसत होतो आम्ही."

"मग दुसरा. शोधण्याचा."

"तू अकरा मिनिटांत काढलंस त्याला. त्याहून लवकर कोण काढणार होतं?" बुर्गीनं क्न्योडलचा तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. "तिसऱ्याचं नाव का घेत नाहीस?"

"तिथं नुसत्या गप्पा मारतात."

"गप्पाच मारू. दहा ओळी लिहायच्या म्हणून घाबरलीस होय? शाळेत निबंधाला तुझा पहिला नंबर यायचा, तूच सांगतेस." आणि ती हसली. तिचं ते हसणं, दातांच्या फटीतून येणारं, कुणावरही विश्वास टाकून मोकळं झालेलं, ते रोस्विताला सहन होईना. तिला तो दिवस सगळाच्या सगळा दिसला. तीन वर्षं तो तुकड्या-तुकड्यानं यायचा: एखाद्या गिऱ्हाइकाच्या कानात डोकावताना, वाण्याकडे रांगेत. आता सलग आला. खिंडीखालचा तो सपाट भाग. समोर तीसेक पावलांवर अल्बान, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, वारा त्याच्या समोरून. तिनं डावी स्की पुढे टाकली आणि तिच्याखालचा सगळा बर्फ एक बोटभर खाली बसला. वूम्. आधी तळपायांना, मग पोटाला. म्हणजे खाली कुठंतरी पदर मोडला. हे प्राथमिक कोर्सच्या पहिल्या दिवशी शिकवतात, पोरंसोरंही जाणतात: हा आवाज आला की मागं फिरायचं. तिनं तोंड उघडलं होतं. थंड हवा दातांना लागली, ते अजून आठवत होतं. अल्बानची पाठ शांतपणे वर चालली होती. पंचवीस वर्षं चढणारी पाठ. त्याला आलाच असेल ना आवाज, तिनं स्वतःला सांगितलं. त्याला काही वाटलं नाही तर मी कोण? मला भास झाला असेल. आणि तिनं तोंड मिटलं आणि उजवी स्की पुढे टाकली.

पण एवढंच नव्हतं. जानेवारीत, म्हणजे त्याच्या तीन आठवडे आधी, तिनं अशाच एका उतारावर सगळ्यांना थांबवलं होतं. बारीक तडा दिसला म्हणून. अल्बान मागे फिरला, पण वाटेत एक शब्द बोलला नाही. आणि तो उतार दुपारभर तसाच उन्हात पडून राहिला, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बुर्गीचा फोन आला होता. हसत हसत म्हणाली होती, "काय केलंस गं माझ्या नवऱ्याला? खेळणं काढून घेतलेल्या पोरासारखा तोंड फुगवून बसलाय कालपासून. जरा त्याला त्याचा डोंगर खाऊ दे बाई, प्रत्येक पावलाला शिक्षिका लागत नाही त्याला." दोघी हसल्या होत्या. फोन ठेवल्यावर रोस्विता किती तरी वेळ लाजेनं लाल होऊन बसली होती. घटस्फोटानंतर मिळालेलं एवढं एकच घर होतं तिला, या दोघांचं. नको असलेली पाहुणी व्हायचं नव्हतं तिला पुन्हा.

"बुर्गी," ती म्हणाली, "मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"बर्फ बसल्याचं. वूम् झालं. त्या सपाटीवर. त्याला आलं नसावं, वारा होता, टोपी होती. मला आलं. स्पष्ट आलं."

बुर्गीनं चमचा बशीत ठेवला, आवाज न करता. "किती आधी?"

"पंधरा मिनिटं. वीस असतील."

"आणि तू बोलली नाहीस."

"नाही."

"पोलिसांना?"

"त्यांनाही नाही."

"का?"

त्या क्षणी तो फोन रोस्विताच्या जिभेवर आला. नुसता सांगायचा होता. सांगितला असता तर ओझं दोघींत वाटलं गेलं असतं, समोरचा तो दगड झालेला चेहरा हलला असता. तिनं तो गिळला. "माहीत नाही," ती म्हणाली.

बुर्गी उठली. तिनं बशी धुतली, चमचा धुतला, दोन्ही नीट उपडे घातले. ओले हात पँटीला पुसले. रोस्विताला वाटलं ती आता ओरडेल, आणि तिला तेच हवं होतं. पण बुर्गीनं खुंटीवरची टोपी घेतली, ती डोक्यावर सरळ बसवली, आणि दार हळू लावून निघून गेली. जिन्यावर तिचा दुखरा गुडघा एकेका पायरीला थबकत होता, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आलं.

पाच दिवस काही नाही. फ्योन गेला, थंडी परत आली, डोंगर पुन्हा आपल्या जागी मागे सरकले. रोस्विता कामावर जात होती. लोकांना सांगत होती, शंका असली तरी दाबा, आणि ते वाक्य तिच्या तोंडून एखाद्या परक्या बाईचं असल्यासारखं निघत होतं. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. सगळे तसंच म्हणतात. तसं काही झालं नाही. उलट आता दोन घरांत तोच आवाज झाला होता आणि दुसऱ्या घरात एकटी बाई होती, मी तिला तिथं त्या आवाजाबरोबर सोडून आले, असं तिला वाटत राहिलं. एक नंबरची ट्राम तिच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून दर दहा मिनिटांनी जायची. प्रत्येक वेळी ती मान वर करायची. बुधवारी दुपारी पुढच्या काचेत बुर्गी दिसली, समोर बघत, दोन्ही हात कळांवर. गुरुवारी रोस्वितानं दुकान सहकाऱ्यावर टाकलं आणि थांब्यावर जाऊन उभी राहिली. तीन ट्राम सोडल्या. चौथी बुर्गीची होती.

ती पुढच्या दारानं चढली आणि चालकाच्या खोलीमागच्या पहिल्या आसनावर बसली. मधे काच होती. आरशात बुर्गीचे डोळे एकदा तिच्यावर येऊन गेले. थांबे गेले, माणसं उतरली, एक बाई बाबागाडी घेऊन उतरली, आणि शेवटच्या थांब्यावर, बेर्गिझेलच्या पायथ्याशी, ट्राम रिकामी झाली. यंत्र बंद झाल्यावर जी शांतता आली तिच्यात कुठंतरी धातू थंड होताना टिचकत होता. बुर्गीनं काचेचं दार उघडलं, पण वळली नाही.

"चार मिनिटं आहेत," ती म्हणाली. "मग मला निघावं लागतं."

"बुर्गी, मी..."

"तू गप्प बस. तू लई गप्प बसतेस, पण आता मी सांगते तेव्हा बस." तिचा आवाज खरखरीत झाला होता. "तुला मी तीन पानं पाठवली ना, त्याच्या आदल्या दिवशी मी तिसऱ्याचा अर्ज भरला होता. दहा ओळी लिहिल्या होत्या. कशावर, ते विचारलं नाहीस."

रोस्वितानं आरशात तिचे डोळे शोधले.

"जानेवारीतला फोन. मी तुला केलेला. शिक्षिका म्हटलं तुला." आता ती वळली. डोळे कोरडे होते आणि लाल. "तीन वर्षं मी स्वतःला सांगत होते, तसं काही नसेल. रोस्विता शहाणी आहे, काही ऐकलं-दिसलं असतं तर ती बोललीच असती, माझ्या फोननं थोडीच गप्प बसेल ती. म्हणून तर मी सगळ्यांसमोर तुझे हात धरले. समजतंय का तुला? तू काही ऐकलं नव्हतंस, एवढ्यावर मी जगत होते. आणि तू शनिवारी सूप वाढून सांगतेस, ऐकलं होतं."

"मी फोनचं नाव घेतलं नाही."

"ते मला दिसलं. गिळलंस ते दिसलं. म्हणून तर पाच दिवस झोप नाही." तिनं तळव्यानं नाक पुसलं, अगदी लहान मुलासारखं. "माझा राग गेलेला नाही, हे सांगून ठेवते. तू बोलायला हवं होतंस. माझ्या फोनबिनाला लाथ मारून बोलायला हवं होतंस. तुझं तोंड तुझंच होतं ना?"

"हो."

"आणि मी तो फोन करायला नको होता."

रोस्विताला नाही म्हणायचं होतं. मैत्रिणीला जे म्हणतात तेच, तुझा काय दोष. ते शब्द तयारच होते, गुळगुळीत, वापरून झिजलेले. तिनं ते बाजूला ठेवले. "हो," ती म्हणाली. "नको होता."

बुर्गीनं मान हलवली. तिचे खांदे थोडे खाली आले. समोरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला. "अर्ज भर," ती म्हणाली. "दहा ओळींत मावलं नाही तर मागे लिही, मी तसंच केलं. उतर आता. नाही, बस. विल्टनला उतर. तिकीट काढलंयस का? आज तपासनीस आहे."

जानेवारीच्या मध्यावर त्या दोघी वरच्या दरीत गेल्या. सेवेरिन पन्नाशीचा, बुटका, बोलताना सारखा आपल्या मिशीतले बर्फाचे कण काढणारा माणूस निघाला. त्यानं पहिल्या संध्याकाळी कुणाचेच कागद वाचून दाखवले नाहीत, कुणाला रडवलं नाही. रोस्विताला त्याचीच भीती होती. त्यानं फक्त एक नियम सांगितला. थांबलो की ज्यानं दिवसभरात सगळ्यांत कमी तोंड उघडलं असेल त्यानं आधी बोलायचं, आणि कुणीही एकानं नको म्हटलं तर फिरायचं. कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही. "कारण विचारलं की माणूस कारण शोधत बसतो," तो म्हणाला, "आणि नाही सापडलं की गप्प बसतो." पहिले दोन दिवस कुणी नको म्हटलं नाही. चढले, उतरले, खड्डे खणले, पाहुणघरात परतलेल्या बटाट्यांचं ग्र्योस्टल खाल्लं. बुर्गीचा गुडघा टिकला. दुसऱ्या दिवशी एका छोट्या उतारावरून ती खाली आली तेव्हा तोंडभर बर्फ आणि डोळ्यांत पाणी घेऊन हसत होती; तीन हिवाळ्यांत रोस्वितानं तिला तशी पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशीचा उतार सगळ्यांत मोठा होता. बुर्गी आदल्या दिवसापासून त्याच्याबद्दलच बोलत होती. पत्रकात धोका पाचपैकी दोन नंबरचा होता. आकाश स्वच्छ, वारा नाही. उताराच्या पायथ्याशी सहाजण थांबले आणि सेवेरिननं सगळ्यांकडे पाहून रोस्विताला खूण केली.

तिनं वर पाहिलं. तडा नव्हता. आवाज झाला नव्हता. सकाळपासून ती तळपायांनी ऐकत आली होती आणि खाली सगळं घट्ट, निमूट होतं. उतार मोठा सुंदर होता, एकही रेघ न उठलेला, आणि वर कडेला वाऱ्यानं साचलेला थोडासा फुगवटा. तसा सगळीकडेच असतो. शेजारी बुर्गीचा श्वास ऐकू येत होता, उतावळा, पळायला निघालेल्या घोड्यासारखा. रोस्विताच्या गालांना ऊब चढली. तीच जुनी लाज. काय सांगणार? तो फुगवटा? सगळे हसतील. हसणार नाहीत, नियम आहे. मनातल्या मनात हसतील. थंड हवा तिच्या दातांना लागली.

"मला नको वाटतंय," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "नको."

"ठीक," सेवेरिन म्हणाला आणि स्की वळवल्या.

खाली पाहुणघराच्या अंगणात ते पट्टे गुंडाळत होते तेव्हा दुसरी एक टोळी त्याच उतारावर चढली. तरुण पाच-सहा जण. दुपारच्या उन्हात ते एकामागून एक खाली आले, मोठमोठी वळणं घेत, आरोळ्या ठोकत. त्या आरोळ्या दरीभर घुमल्या. उतारानं काही केलं नाही. त्याच्यावर सहा सुरेख रेघा उठल्या आणि तो उन्हात चमकत राहिला. अंगणातले सगळे ते बघत होते. सेवेरिननं एकदा रोस्विताकडे पाहिलं, जणू काही सांगणार होता, आणि मग मिशीतला बर्फ काढत आत निघून गेला.

परतीला बुर्गी म्हणाली, "तू चालव. चिडले की माझा हात जड होतो." एवढं बोलून ती खिडकीकडे तोंड करून बसली. गाव गेलं, बोगदा गेला, नदी लागली. गाडीत ओल्या लोकरीचा वास भरला होता. रोस्वितानं दोनदा तिच्याकडे पाहिलं. बुर्गीचा जबडा आवळलेला होता. तिनं नुसत्या त्या एका उतारासाठी गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती असंच कुणालाही वाटलं असतं.

"कदाचित माझंच..." रोस्विता म्हणाली.

"खबरदार!" बुर्गी गर्रकन वळली. "शब्द मागे घेतलास तर इथंच उतरीन आणि चालत जाईन. मी चिडलेय. मला तो उतार हवा होता. त्या पोरट्यांना मिळाला आणि मला नाही. त्सिर्ल येईपर्यंत मी चिडलेलीच असणार, कदाचित घरापर्यंत. तर चिडू दे मला. तुला काय करायचंय? तू गाडी चालव."

रोस्वितानं गाडी चालवली. त्सिर्लची पाटी आली आणि मागे पडली. बुर्गी अजून चिडलेलीच होती. मागे घेण्यासारखं रोस्विताजवळ काही नव्हतं.